चर्म भुंगेरे, जीवाश्म

चर्म भुंगेरे, जीवाश्म : कीटक वर्गाच्या कोलिऑप्टेरा (ढालपंखी) गणातील डर्मेस्टिडी कुलाचे शिळारूप झालेले अवशेष. कुलाचे नाव ‘डर्मेस्टिस’ या प्ररूप वंशावरून पडले असून ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘कातडे खाणारा’ असा आहे. कार्ल लिनीअस यांनी १७५८ मध्ये हा वंश स्थापिला व पी. ए. लात्रेय यांनी १८०४ मध्ये त्यावरून कुल निर्माण केले. आज या कुलात १,७०० हून अधिक हयात जाती ओळखल्या जातात. त्यांच्या तुलनेने जीवाश्मांची संख्या फार थोडी आहे. परंतु वाळलेले मांस, कातडी, केस व पिसे यांवर उपजीविका करण्याची या कीटकांची रीत किती प्राचीन आहे, हा प्रश्न याच थोड्या अवशेषांवर सोडवावा लागतो. एखादा अवशेष या कुलातील कोणत्या गटात बसतो, यावर त्या गटाचे वय ठरते. आणि तो गट ठरविण्यास लागणारी लक्षणे नेमकी अशी आहेत की, ती दगडात क्वचितच टिकतात. या अवशेषांच्या अभ्यासातील बहुतेक मतभेदांचे मूळ येथे आहे.

हयात चर्म भुंगेरे लहान, साधारणपणे १ ते १२ मिमी. लांबीचे, लंबगोल अथवा जवळजवळ वर्तुळाकार असतात. अंगावर केसांचे किंवा सूक्ष्म खवल्यांचे आच्छादन असते. अनेक जातींचे प्रौढ भुंगेरे फुलांवर बसून परागकण खातात व निरुपद्रवी असतात. नासधूस करतात त्या अळ्या. डर्मेस्टिस वंशाच्या अळ्या वाळत आलेल्या प्रेतावर, कमावण्यापूर्वीच्या कातड्यांवर आणि सुक्या मासळीवर, तर अँथ्रेनस व अ‍ॅटाजेनस वंशांच्या अळ्या लोकर, पिसे आणि मृत कीटकांवर वाढतात. सांगाड्यांवरील उरलेसुरले मांस साफ करण्यासाठी संग्रहालयांच्या प्रयोगशाळांत डर्मेस्टिस मॅक्युलेटस ही जाती मुद्दाम पाळतात. त्याच इमारतीत अँथ्रेनसच्या अळ्या टाचणीला लावलेल्या कीटकांचा भुगा करीत असल्यास आश्चर्य नाही. धान्याच्या कोठारांत आढळणारा खप्रा भुंगेरा (ट्रोगोडर्मा ग्रॅनेरियम) याच कुलातील होय. प्राणिज पदार्थ सोडून धान्यावर जगणारा म्हणून तो अपवादात्मक आहे. थोरिक्टस वंशाचे भुंगेरे मुंग्यांच्या वारुळांत राहतात व त्यांपैकी काही मुंगीच्या शृंगिकेला जबड्यांनी घट्ट धरून बसतात. ऑर्फिलस वंशाच्या अळ्या मेलेल्या लाकडात राहतात व तेथील कवकांवर वाढतात. हा शेवटचा अपवाद दिसण्यास किरकोळ असला, तरी कुलाच्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा असून त्याचा विचार पुढे केला आहे.

वर्गीकरणाचा आधार : डर्मेस्टिडी कुलाचा समावेश पॉलिफॅगा या उपगणात होतो. लाकूड पोखरणारे बॉस्ट्रिकिडी आणि साठवणीच्या पदार्थांतील किडींसाठी कुप्रसिद्ध असलेले टायनिडी ही कुले त्याची जवळची नातेवाईक मानली जातात व तिन्ही मिळून बॉस्ट्रिकॉयडिया हे अधिकुल होते. पूर्वी डर्मेस्टिडी व नोसोडेंड्रिडी यांना एकत्र ठेवण्याची प्रथा होती. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ढालपंखी गणाच्या विस्तृत जनुकीय अभ्यासानंतर नोसोडेंड्रिडीला स्वतंत्र अधिकुलाचा दर्जा देण्यात आला.

कुलाच्या अंतर्गत सामान्यतः डर्मेस्टिनी, थोरिक्टिनी, ऑर्फिलिनी, ट्रिनोडिनी, अ‍ॅटाजेनिनी व मेगाटोमिनी ही उपकुले मानतात. त्यांतील भेद वरून पाहणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाहीत. बहुतेक चर्म भुंगेऱ्यांच्या कपाळावर दोन संयुक्त डोळ्यांखेरीज मध्यभागी एक साधा डोळा (नेत्रिका) असतो; भुंगेऱ्यांत ही गोष्ट इतकी विरळ आहे की, ती दिसली म्हणजे कुलाची ओळख जवळजवळ पक्की होते. परंतु ज्या वंशावरून कुलाला नाव मिळाले त्या डर्मेस्टिसलाच ही नेत्रिका नसते. अ‍ॅटाजेनिनीत मागील पायाच्या पाऊलखंडाचा पहिला सांधा दुसऱ्याहून आखूड असतो. मेगाटोमिनीत शृंगिकेच्या टोकाशी असलेली गदा अग्रवक्षाच्या खालच्या बाजूस असलेल्या खाचेत झाकून ठेवता येते व त्या खाचेचा आकार वंश ठरविण्यास उपयोगी पडतो. ऑर्फिलस चकचकीत काळा व जवळजवळ केसविरहित, ट्रिनोडीसवर लांब उभे केस, तर अँथ्रेनसवर रंगीत खवले असतात. यांपैकी बहुतेक लक्षणे शरीराच्या खालच्या बाजूस किंवा पृष्ठभागावरील नाजूक आच्छादनात आहेत.

अळ्यांची लक्षणे याहून ठळक असतात. डर्मेस्टिसच्या अळीच्या शेवटच्या खंडांपैकी एकावर दोन कठीण आकडे असतात. अ‍ॅटाजेनसची अळी गाजराप्रमाणे मागे निमुळती होत जाते व तिच्या टोकाला लांब केसांचा झुबका असतो. मेगाटोमिनीच्या अळ्यांवर भाल्याच्या फाळासारखे टोक असलेल्या दृढरोमांचे (राठ केसांचे) जुडगे असतात. त्यांना भालारोम म्हणता येईल. हे रोम सहज तुटून निघतात आणि हल्ला करणाऱ्या लहान कीटकाच्या पायांत व मुखांगांत अडकून त्याला जखडून टाकतात. अळीच्या लक्षणांवर आधारलेले वर्गीकरण आणि प्रौढांच्या लक्षणांवर आधारलेले वर्गीकरण सर्वत्र जुळतेच असे नाही. जीवाश्मांत एका जातीची अळी आणि प्रौढ कीटक यांची जोडी लावून देणारा पुरावा बहुधा नसतो, म्हणून ही विसंगती तेथे अधिकच अडचणीची ठरते.

टिकण्याचे प्रकार : चर्म भुंगेऱ्यांचे देह-जीवाश्म दोन प्रकारे मिळतात. सरोवरांच्या तळाशी साचलेल्या सूक्ष्मकणी गाळात दबून झालेले ठसे हा पहिला प्रकार. यात अग्रपंखांची बाह्यरेषा, वक्षाचा आकार व क्वचित शृंगिका दिसतात. नेत्रिका, पाऊलखंडांचे सांधे आणि शृंगिकेची खाच बहुधा नाहीशी झालेली असतात. वृक्षांच्या रेझिनात अडकून अंबरात (तृणमण्यात) जतन झालेले कीटक हा दुसरा प्रकार. यात केसन्‌केस टिकू शकतो. मात्र बुडबुडे, तडे आणि कीटकाभोवती जमणारा दुधी थर यांमुळे नेमकी हवी ती बाजू झाकली जाण्याचा संभव असतो. क्ष-किरणांच्या साहाय्याने सूक्ष्म छेदचित्रे घेऊन त्यांवरून संपूर्ण देहाची प्रतिमा उभी करण्याच्या तंत्रामुळे अलीकडे ही अडचण पुष्कळ कमी झाली आहे. शिवाय अंबर पारदर्शक असल्यामुळे अळ्यांनी टाकलेल्या कातीही त्यात ओळखू येतात. वाढीच्या काळात प्रत्येक अळी अनेकदा कात टाकते. त्यामुळे प्रत्यक्ष कीटकापेक्षा त्याची कात सापडण्याची शक्यता जास्त असते.

शोधाचा इतिहास : अमेरिकेतील कोलोराडो राज्यात फ्लॉरिसंट येथे इओसीन काळाच्या अखेरचे (सु. ३.४ कोटी वर्षांपूर्वीचे) सरोवरी थर आहेत. ज्वालामुखीच्या राखेने भरलेल्या या पातळ पापुद्र्यांत हजारो कीटकांचे ठसे मिळाले आहेत. सॅम्युएल स्कडर यांनी १९०० मध्ये तेथील अ‍ॅटाजेनस सोपिटस या जातीचे वर्णन केले. नंतर एच. एफ. विकम यांनी १९१२ मध्ये डर्मेस्टिस टर्शिएरियस व ऑर्फिलस ड्युबियस, तर १९१३ मध्ये अ‍ॅटाजेनस अ‍ॅबोरिजिनॅलिस या जाती प्रसिद्ध केल्या. या सर्व जाती हयात वंशांत घातलेल्या आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ठशाचा एकंदर आकार ज्या हयात वंशाशी जुळेल त्या वंशात तो ठेवण्याची त्या काळी रीतच होती. लॅटिन भाषेत ‘ड्युबियस’ म्हणजे संशयास्पद. निदान एका जातीच्या बाबतीत तरी शंका नावातच नोंदली गेली, असे म्हणावे लागते.

टी. डी. ए. कॉकरेल यांनी १९१७ मध्ये ब्रह्मदेशातील (आताच्या म्यानमारमधील) अंबरातून वर्णन केलेली डर्मेस्टिस लार्व्हॅलिस ही जाती या संदर्भात विशेष उद्‌बोधक आहे. नावावरूनच स्पष्ट होते की, तिचा आधार अळीची अवस्था हा होता. ज्या थरांत हे अंबर सापडते ते त्या वेळी मायोसीन काळाचे मानले जात. अंबर मात्र त्याहून पुष्कळ जुने असावे, अशी शंका कॉकरेल यांनाच आली होती. या अंबराच्या भोवतालच्या खडकातील जिरकॉन स्फटिकांचे किरणोत्सर्गी कालमापन करून २०१२ मध्ये त्याचे वय सु. ९.९ कोटी वर्षे, म्हणजे क्रिटेशस काळाच्या मध्याचे ठरविण्यात आले. जातीचे नाव तेच राहिले, पण त्याचा अर्थ बदलला. मायोसीन काळात हयात वंशाची एखादी जाती असणे स्वाभाविक होते. तीच जाती क्रिटेशस काळातील ठरताच, डर्मेस्टिस हा वंश डायनोसॉरांच्या काळापासून अखंड चालत आला आहे असे विधान त्या नावात आपोआप येते. आणि इतके मोठे विधान केवळ एका अळीच्या आधारे करणे धाडसाचे आहे. वंशाच्या प्राचीनतेचा पुरावा म्हणून हे नाव वापरताना म्हणूनच सावधगिरी बाळगावी लागते.

क्रिटेशस अंबरातील इतर पुरावा अधिक भक्कम आहे. लेबाननमधील अंबर क्रिटेशस काळाच्या पूर्वार्धातील (सु. १२.५ ते १३ कोटी वर्षांपूर्वीचे) असून त्यातून क्रेटोनोडीस अँटौनाझारी ही जाती ए. जी. किरेयचुक, डॅनी अझार व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये वर्णिली. हयात वंशांपैकी एकातही ती बसत नसल्यामुळे तिच्यासाठी नवा वंश करावा लागला. म्यानमारच्या अंबरातील अ‍ॅटाजेनस बर्मिटिकस ही जाती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा नमुना प्रौढ असून उपकुलाची लक्षणे त्यात पाहता येतात. त्यामुळे अ‍ॅटाजेनिनी हे उपकुल क्रिटेशस काळाच्या मध्यापूर्वीच वेगळे झाले होते, या निष्कर्षाला आधार मिळतो. याच अंबरात भालारोम असलेल्या अळ्या आढळल्याचे जॉर्ज पॉइनार व रोबर्टा पॉइनार यांनी २०१६ मध्ये दाखवून दिले. म्हणजे आज मुंग्यांसारख्या शत्रूंना अडकविणारे हे साधन सुमारे दहा कोटी वर्षे जुने आहे.

इओसीन काळातील बाल्टिक अंबर आणि मायोसीन काळातील डोमिनिकन अंबर यांतून मिळालेल्या जाती संख्येने अधिक आहेत. त्यांचा अभ्यास मुख्यतः चेक कीटकशास्त्रज्ञ यिर्झी हावा यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. हावा व याकुब प्रोकोप यांनी २००४ मध्ये डोमिनिकन अंबरातील नव्या जातींबरोबरच तोवर ज्ञात असलेल्या सर्व जीवाश्म जातींची यादी प्रसिद्ध केली. पुढील कामाला ती पायाभूत ठरली. या काळापर्यंत बहुतेक हयात उपकुले आजच्या रूपात आलेली दिसतात. म्हणून या जाती हयात वंशांत घालण्यास फारसा आक्षेप घेतला जात नाही.

पिसांबरोबर सापडलेल्या काती : स्पेनच्या तेरुएल प्रांतातील सान हुस्त येथील अंबर सु. १०.५ कोटी वर्षांपूर्वीचे आहे. त्याच्या काही तुकड्यांत चर्म भुंगेऱ्यांशी नाते असलेल्या अळ्यांच्या काती मऊ पिसांच्या अंशांना लागून जतन झाल्या आहेत. एन्रिके पेन्यालवेर व सहकाऱ्यांनी हा शोध २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. पिसे थेरोपॉड डायनोसॉराची आहेत एवढे निश्चित करता आले. तो उडणारा पक्षी होता की न उडणारा डायनोसॉर, हे मात्र या पिसांवरून सांगता येत नाही. तथापि आधुनिक पक्ष्यांचा गट त्या काळी अस्तित्वात आलेला नसल्याने ती आजच्या पक्ष्यांची नव्हेत. एकटी अळी राळेत अडकली असती तर योगायोग म्हणता आला असता. येथे काती अनेक आहेत व त्यांच्यालगतच पिसे आहेत. यावरून या अळ्या पिसे असलेल्या प्राण्याच्या घरट्यात किंवा त्याच्या निकट सान्निध्यात वाढत व गळलेली पिसे खात, असा अर्थ संशोधकांनी लावला. आज पक्ष्यांच्या घरट्यांत चर्म भुंगेऱ्यांच्या अळ्या नेमक्या याच प्रकारे राहतात. जिवंत प्राण्याला त्यांचा उपद्रव होत असल्याचे चिन्ह आढळत नाही. कीटक व त्याचे अन्न एकाच तुकड्यात मिळण्याचे असे उदाहरण जीवाश्मविज्ञानात फार दुर्मिळ आहे. भुंगेऱ्याची जाती ठरविता आलेली नसतानाही या शोधाचे महत्त्व पूर्ण नावानिशी वर्णिलेल्या कित्येक ठशांपेक्षा अधिक आहे.

हाडांवरील खुणा : पूर्ण वाढलेल्या डर्मेस्टिस अळ्या कोशावस्थेत जाण्यापूर्वी सुरक्षित जागेच्या शोधात अन्नापासून दूर जातात व लाकूड, बूच किंवा हाड अशा मिळेल त्या घट्ट पदार्थात खोली कोरतात. अशा खोल्या, खळगे आणि जबड्यांचे ओरखडे डायनोसॉरांच्या हाडांवरही सापडतात. अमेरिकेतील वायोमिंग राज्यात मॉरिसन शैलसमूहातील (जुरासिक काळाच्या उत्तरार्धातील) कँप्टोसॉरस या शाकाहारी डायनोसॉराच्या सांगाड्यावरील खुणांची तुलना ब्रुक्स ब्रिट व सहकाऱ्यांनी हयात चर्म भुंगेऱ्यांच्या खुणांशी केली आणि २००८ मध्ये त्या याच कुलाच्या असल्याचे मत मांडले. जुरासिक काळातील खात्रीचा देह-जीवाश्म तेव्हा हाती नव्हता. कुलाचा इतिहास काही कोटी वर्षांनी मागे नेणारे हे अनुमान केवळ खुणांवर उभे होते. पुढे चीनमधील इनर मंगोलिया प्रांतात दाओहूगोऊ येथील जुरासिक काळाच्या मध्याच्या (सु. १६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या) थरांतून पॅराडर्मेस्टिस जुरासिकस ही जाती २०१७ मध्ये वर्णिली गेली, तेव्हा त्या अनुमानाला बळकटी आली. या कुलाचा आजवर ज्ञात असलेल्या सर्वांत जुन्या देह-जीवाश्मांत तिची गणना होते. त्याच परिसरातील थरांत अंगावर लव असलेल्या कॅस्टोरोकॉडा या सस्तनसदृश प्राण्याचे व पिसे असलेल्या डायनोसॉरांचे अवशेष मिळाले आहेत. केस व पिसे यांचे अन्न त्या काळी उपलब्ध होते एवढेच यावरून सिद्ध होते. पॅराडर्मेस्टिस ते खात होता असे नव्हे.

हाडांतील प्रत्येक छिद्र चर्म भुंगेऱ्याचे मानणे चुकीचे ठरेल. वाळवी व इतर काही कीटकही हाडे पोखरतात. म्हणून अशा खुणांना प्राण्याच्या नावापासून स्वतंत्र अशी नावे देण्याची पद्धत आहे. मादागास्कर व अमेरिकेतील युटा राज्य येथील क्रिटेशस काळाच्या उत्तरार्धातील डायनोसॉरांच्या हाडांमधील कोशखोल्यांना २००७ मध्ये ‘क्युबिक्युलम’ हे नाव देण्यात आले. हे खोलीचे नाव आहे, ती कोरणाऱ्याचे नव्हे. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार खुणेचे नाव व प्राण्याचे नाव यांच्यात अग्रक्रमाची स्पर्धा होत नाही. त्यामुळे खोली कोणी कोरली याविषयीचे मत बदलले, तरी नाव बदलावे लागत नाही. देह-जीवाश्मांच्या बाबतीत ही सोय नाही. तेथे वंशाचे नाव देणे म्हणजेच नात्याविषयी विधान करणे होय.

या खुणांचा उपयोग कीटकांच्या इतिहासापुरता मर्यादित नाही. डर्मेस्टिस ओल्या, सडत्या मांसावर सहसा येत नाही. प्रेत वाळू लागल्यावर येतो. हाडांवर त्याच्या खुणा असतील, तर मृत्यूनंतर ते प्रेत बराच काळ उघड्यावर व तुलनेने कोरड्या हवेत पडून होते आणि गाळाखाली किंवा पाण्याखाली लगेच गेले नाही, असे समजते. लॉस अँजेल्समधील रांचो ला ब्रेआ येथील डांबराच्या प्रसिद्ध कुंडांत प्लाइस्टोसीन काळातील असंख्य प्राणी रुतून मेले. तेथील हाडांवरील कीटकखुणांच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासावरून काही प्रेते कित्येक आठवडे डांबराच्या पृष्ठभागावरच राहिली असावीत, असे दिसून आले. रुतलेला प्राणी झटपट गडप होत असे या प्रचलित समजुतीला त्यामुळे मुरड घालावी लागली.

कुलाची मूळ सवय : चर्म भुंगेऱ्यांचे आद्य पूर्वज काय खात, याविषयी जीवाश्म अद्याप थेट उत्तर देत नाहीत. ऑर्फिलस हा प्राचीन शाखेचा प्रतिनिधी आहे असे मानल्यास कवकांनी पोखरलेल्या लाकडात राहणे ही मूळ सवय ठरते व प्राणिज पदार्थांकडे वळणे ही नंतरची घटना होते. बॉस्ट्रिकिडी व टायनिडी या नातेवाईक कुलांतील अनेक जाती लाकडात राहत असल्याने हे मत संभाव्य वाटते. तथापि ऑर्फिलिनी, ट्रिनोडिनी व डर्मेस्टिनी यांच्या परस्परक्रमाविषयी एकमत झालेले नाही. अळ्यांच्या शरीररचनेवरील २००६ मधील अभ्यास व अलीकडील जनुकीय अभ्यास यांनी पूर्वीची मांडणी काही ठिकाणी बदलली आहे. फ्लॉरिसंट येथील ऑर्फिलस ड्युबियस इओसीन काळाच्या अखेरीचा असल्यामुळे या प्रश्नावर प्रकाश टाकण्यास फारच अलीकडचा आहे. त्यासाठी जुरासिक व क्रिटेशस काळांतील अळ्यांचे अवशेष मिळावे लागतील.

चतुर्थ कल्पातील अवशेष पूर्णपणे शिळारूप झालेले नसतात व बहुधा हयात जातींचेच असतात, म्हणून वर्गीकरणाच्या दृष्टीने त्यांत नावीन्य नाही. ईजिप्तमधील ममींत डर्मेस्टिस वंशाच्या भुंगेऱ्यांचे अवशेष एकोणिसाव्या शतकापासून ज्ञात आहेत. प्रेत जतन करण्याची क्रिया चालू असताना किंवा ती पुरी होण्यापूर्वी हे कीटक त्यावर पोहोचले असावेत. ममी गुंडाळल्यानंतर किंवा उघडल्यानंतर शिरलेले कीटक यांपासून वेगळे ओळखता आले, तरच त्यांचा पुरावा म्हणून उपयोग होतो.